मिरचीच्या वासाची संसद

सिस्टर,

तुमची संसद मी पाहून आले. दोन शनिवारांपूर्वी नातीला बरोबर घेऊन मुलाच्या गावाहून, लिक्सलिपहून, ट्रेनने डब्लिनला गेले आणि नववी ब च्या फळ्यावर तुम्ही खडूने काढायचात ते खांब खरोखरचे पाहिले. तुमचे खांब जरा वाकडे असायचे, कारण आपल्या फळ्याला मधोमध चीर होती आणि रेघ तिथे आली की खडू सरकायचा. इथले सरळ आहेत. आत आता बँक आहे हे तुम्हीच सांगितलं होतं, तरी दारातून आत पाऊल टाकताना मी पदर सावरला, जसा देवळात सावरतो तसा, आणि मग लक्षात आलं की अंगावर साडी नाही, सुनेचा जाड कोट आहे. दाराशी लांब कोट घातलेला एक म्हातारा दरवान होता. मी त्याला विचारलं, घुमटाची खोली कुठे आहे? सामान्य सभासद बसायचे ती? तो म्हणाला, "ती नाही, लव्ह. केव्हाच मोडली. इमारत विकतानाच ठरलं होतं म्हणतात, की लोक जमून बोलायचे ती खोली तशी ठेवायची नाही." मी विचारलं, मग राहिलं काय? "लॉर्डांची खोली राहिली. ते फारसं बोलायचे नाहीत, म्हणून असेल," असं म्हणून तो स्वतःच हसला आणि आम्हाला आत सोडलं.

हे सगळं मी मराठीत लिहिते आहे. तुम्ही हयात असतात तर इंग्रजीत लिहिलं असतं, तुम्ही शिकवलेल्या तिरप्या अक्षरात, समास सोडून. पण तुम्ही माझ्याशी जे एक वाक्य बोललात आणि ज्याला मी आजवर उत्तर दिलेलं नाही, ते तुम्ही मराठीत बोलला होतात. त्याच्याकडे येते. आधी थोडं मागे जावं लागेल.

शुक्रवारचा शेवटचा तास. आमच्या छावणीच्या गावातलं ऊन खिडक्यांच्या हिरव्या कागदांतून वर्गात येतं आहे आणि सव्वीस मुली दोन बाजूंना समोरासमोर बाकं सरकवून बसल्या आहेत. वेळापत्रकात या तासाला एलोक्यूशन म्हणतात, पण तुम्ही आमची संसद भरवली आहे. तुमच्या देशात होती तशी. मध्ये टेबल, टेबलामागे सभापती, आणि टेबलावर राजदंड. राजदंडाशिवाय सभा भरत नाही, हा तुमचा पहिला नियम. आपल्याकडे राजदंड कुठला असणार? तुम्ही बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातून मावशीचं मुसळ मागून आणलं होतं, खालच्या टोकाला लोखंडी कडं असलेलं. मावशी त्याने हळद कुटायची, धणे कुटायची, आणि गुरुवारी मिरच्या. त्यामुळे शुक्रवारी सभापतींनी राजदंड उचलून टेबलावर ठेवला की पहिल्या बाकांवरचे दोन्ही पक्ष शिंकायला लागायचे. तुम्ही म्हणायचात, सभागृहाने आधी शिंकून घ्यावं, मग कामकाज सुरू होईल. तास लांबला की मावशी दारात यायची. "काऊन वो सिस्टर, संपली का नाही तुमची कचेरी? मले मसाला कुटाचा हाये." आणि तुम्ही, चेहऱ्यावरची एक रेघ न हलवता, तिच्याच वऱ्हाडीत तिला सांगायचात, "पाच मिन्टं थांब वो माय, सरकार पडून राह्यलं."

तुमची मराठी मावशीकडून आलेली, म्हणून ती अशी. आम्हाला घरी पुस्तकी मराठी बोलायची सवय, आणि तुम्ही गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या, 'मले' आणि 'तुले' म्हणायचात. आम्ही रुमालात तोंड खुपसून हसायचो. तुम्हाला ते माहीत होतं.

मत द्यायची पद्धतही तुम्ही तुमच्याकडचीच आणली होती. हात वर करायचे नाहीत. हात कोणीही अर्धा वर करून शेजारणीकडे पाहतं, असं तुमचं म्हणणं. जे ठरावाच्या बाजूने, त्यांनी उठून बाहेर व्हरांड्यात जायचं. जे विरुद्ध, त्यांनी जागेवर बसून राहायचं. मग मोजणी. म्हणजे 'हो' म्हणायला चालावं लागायचं, सगळ्यांच्या देखत, तुमच्या खुर्चीवरून, दारातून बाहेर.

त्या तासांना तुम्ही गोष्ट सांगायचात ती एकाच संसदेची. तिथे किती सुरेख बोलत, एकेक माणूस दोन-दोन तास, हातात कागद नाही. आणि बाहेर त्याच वेळी शेतांमधून, दलदलीतून, लांब काठीला पातं बसवलेले भाले घेऊन माणसं उठली होती आणि मारली जात होती. आत भाषणं, बाहेर बंड. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने तुम्हाला एकदा विचारलं की तुमच्या घरचे लोक आत होते की बाहेर? तुम्ही म्हणालात, "आत आमच्या कॅथलिक धर्माच्या माणसाला बसायचीच परवानगी नव्हती. ती संसद आमची नव्हतीच, पोरींनो. पण ती गेली तेव्हा आमची माणसंही रडली." आम्हाला ते काही नीट कळलं नाही. तुम्ही उठून खिडकी उघडलीत.

मग शेवटच्या अधिवेशनाची गोष्ट. त्या संसदेने स्वतःच मत देऊन स्वतःला बंद केलं, ती. इंग्रज राज्यकर्त्यांनी एकेक सभासद गाठला, कुणाला पदवी दिली, कुणाला हुद्दा. आम्ही 'शी!' म्हणालो तेव्हा तुम्ही टेबलावर चापट मारलीत. "हसू नका त्यांना. घरी बायका होत्या त्यांच्या. कुणीतरी आपल्या बायकोला लेडी म्हणावं असं वाटलं असेल." आणि मग तो आजारी वक्ता. उजाडल्यावर दोघांच्या आधाराने आत आला, उभं राहवेना, म्हणून सभागृहाने त्याला बसून बोलायची परवानगी दिली. तुम्ही स्वतः खुर्चीत बसून तो करून दाखवायचात. आवाज आधी इतका बारीक की पंख्याची घरघर मोठी वाटावी, आणि मग हळूहळू असा चढत जायचा की बाहेर झाडणारा गडी झाडू थांबवून उभा राहायचा. तो हरला. आणि शेवटच्या सभापतीने राजदंड परत दिला नाही. ज्यांनी मला सोपवला ते मागतील तेव्हाच देईन, असं त्याचं म्हणणं, आणि तो दंड घेऊन तो घरी गेला.

आता माझ्या भाषणाकडे येते. आपल्या शाळेत मराठी बोलायला बंदी होती. प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, मधल्या सुट्टीतसुद्धा. बोलताना सापडलं की गळ्यात दोरीने लाकडाची पाटी अडकवायची, आणि दुसरी कोणी सापडेपर्यंत ती काढायची नाही. माझ्या त्या मैत्रिणीच्या गळ्यात ती इतकी असायची की ती तिला लॉकेट म्हणायची. तिला ठेच लागली तरी 'ओ माय' निघायचं, 'ओ गॉड' काही निघायचं नाही. एकदा तुम्ही वर्गात आलात, तिच्या गळ्यातली पाटी दोन बोटांनी उचलून पाहिलीत आणि म्हणालात की माझ्या आजीच्या गळ्यात अशीच एक काठी असायची. आपली भाषा बोलली की मास्तर तिच्यावर एक खाच पाडायचा. घरी जाताना खाचा मोजून तेवढ्या छड्या. बस्स, इतकंच सांगितलंत, आणि पुस्तक उघडलंत. पुढच्या शुक्रवारी मैत्रिणीने ठराव आणला: मधल्या सुट्टीत, पिंपळाखाली, मराठी बोलायला मुभा असावी. ती सभापती असल्यामुळे तिला बोलता येणार नव्हतं. बोलणार मी. वर्गात सगळ्यांत चांगलं मीच बोलायचे, हे तुम्हीही मान्य केलं असतंत.

मी काय केलं आठवतं? खुर्ची मागितली. त्या आजारी माणसासारखी बसले, एक हात छातीवर, आणि आवाज बारीक केला. मुली खुश. तुम्ही तीन वाक्यं ऐकलीत आणि म्हणालात, "ऊठ. तो आजारी होता. तू सकाळी मावशीकडून दोन वेळा उपमा मागून घेतलेला आहेस. उसनं दुखणं घेऊन बोलायचं नाही. तुझं स्वतःचं जे दुखतं ते सांग, नाहीतर बस खाली." माझे कान तापले. मी उभी राहिले, आणि काय दुखतं ते शोधायला लागले, आणि ते लगेच सापडलं. मी डबा विसरले होते तेव्हा माझी आई तो घेऊन दीड कोस चालत शाळेच्या फाटकाशी आली होती. पलीकडे मराठी पकडणारी प्रीफेक्ट मुलगी उभी होती. म्हणून मी आईशी इंग्रजीत बोलले. थँक यू, गो होम नाऊ, असं काहीतरी. आईला इंग्रजी येत नव्हतं. ती फाटकाला धरून, हसून, मी काय म्हणते ते समजून घ्यायचा प्रयत्न करत उन्हात उभी राहिली, आणि मी वळून आत गेले. एवढंच मी सांगितलं. सगळा वर्ग उठून व्हरांड्यात गेला. एकही मुलगी बसून राहिली नाही. तुम्ही माझ्याजवळ आलात आणि नाक पुसलंत. मिरची असेल.

पुढच्या आठवड्यात मदरनी मला ऑफिसात बोलावलं. मदर म्हणजे मुख्याध्यापिका, हे तुम्हाला सांगायला नको, पण मी ही गोष्ट इतकी वर्षं इतरांना सांगत आले आहे की सवय झाली. त्यांनी मला बसायला सांगितलं. विद्यार्थिनीला कोणी बसायला सांगत नसे. म्हणाल्या, मुलींच्या संसदेबद्दल पालकांच्या तक्रारी आहेत, ती बंद करायला हवी. पण सिस्टर म्हणतात की संसद फक्त संसदच बंद करू शकते, तर ठीक आहे, मुलींनाच ठरवू दे. मग काचेचा पेपरवेट फिरवत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हेड गर्ल कोण, याचाही विचार मी करते आहे." याहून एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. आपल्या शाळेत हेड गर्ल नेहमी लष्करी अधिकाऱ्याची मुलगी असायची. माझे वडील छावणीच्या कचेरीत कारकून. मी त्या ऑफिसातून बाहेर पडले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आई होती, आणि माझ्या पिनाफोरवर हेड गर्लचा पितळी बिल्ला होता, आणि आई फाटकाशी उभी राहून तो बघत होती. त्या जुन्या सभासदांच्या बायकांबद्दल तुम्ही सांगितलेलं मला त्या क्षणी आठवलं. मला काही माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझ्यासारखी त्या गोष्टीची तयारी करून त्या जागी गेलेली दुसरी कोणी नसेल.

शुक्रवार. ठराव वाचला गेला: ही संसद या दिवसापासून राहणार नाही. मदर मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. मैत्रीण सभापतींच्या जागी, हातात मुसळ. तिने माझ्याकडे पाहिलं, आता ही बोलेल म्हणून. मी बोलले नाही. 'ठरावाच्या बाजूच्यांनी बाहेर जावं' असं तिने म्हटलं आणि मी उठले. पहिली मीच. माझ्यामागे बाकं सरकल्याचे आवाज आले, एक, दोन, मग बरेच, कारण मी उठले म्हणजे तेच बरोबर असणार असं त्यांना वाटलं. तुम्ही दाराशी तुमच्या खुर्चीत बसला होतात. मी खाली पाहत चालत होते, तुमचे काळे बूट दिसले, आणि तुम्ही हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालात, "ऊन लय हाये बाहेर. डोक्शावर रुमाल घे."

हेच ते वाक्य. यानंतर तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत, ना रागाचं, ना समजुतीचं.

आतमध्ये आठ जणी बसून राहिल्या. मोजणी झाल्यावर मदर टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी राजदंडासाठी हात पुढे केला. माझ्या मैत्रिणीने मुसळ छातीशी धरलं. "ज्यांनी दिलं ते मागतील तेव्हा देईन, मदर." व्हरांड्यात, रुमाल डोक्यावर घेऊन, मी ते ऐकलं. आणि तेवढ्यात मावशी आली. तिला कसलीच कल्पना नव्हती. "दे वो पोरी माहं मुसळ, तुमचं काय चाल्लं कोन जाने." मैत्रिणीने दोन्ही हातांनी, वाकून, ते मावशीच्या हातात दिलं. तुम्ही उठून उभ्या राहिलात. त्या मुलीसाठी उभ्या राहिलात तशा तुम्ही बिशपसाठीही राहिला नव्हतात.

मैत्रिणीने माझ्याशी बोलणं सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं. ती पुढच्या वर्षी मराठी शाळेत गेली. जूनमध्ये मला बिल्ला मिळाला आणि जुलैत तुम्ही डोंगरातल्या मिशनच्या दवाखान्यात कामाला जायला निघालात. संसदेमुळेच की काय, मला ठाऊक नाही. तुमच्या बदल्या होतच असत. फाटकाशी आम्ही रांगेत उभ्या होतो, रांगेच्या टोकाला हेड गर्ल. तुम्ही एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत माझ्यापर्यंत आलात, माझ्या बिल्ल्याकडे पाहिलंत, दोन बोटांनी तो सरळ केलात आणि पुढे गेलात. तो वाकडा लागला होता.

त्यानंतर केव्हातरी मी खोटं बोलायला लागले. पहिल्यांदा कोणाजवळ बोलले ते आठवत नाही. बहुतेक लग्नानंतर नवऱ्याजवळ. शाळेच्या गमती सांगता सांगता संसदेची सांगितली आणि शेवटी मी बसून राहिले असं म्हटलं. आठ जणी बसल्या होत्याच, त्यांत एक नववी. किती सोपं होतं. पुढे मुलाला सांगितली, आणि मग ती इतक्यांदा सांगितली की मला ते बाक मांडीखाली जाणवायला लागलं. मुलगा मोठा झाला, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून इथे आला. नवरा गेल्यावर मीही वर्षातले सहा महिने इथे असते. नातीलाही ती गोष्ट पाठ. ती अकरा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती आयरिश इंग्रजीत उत्तर देते. तिच्या तोंडची ती लय पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला तुम्हीच आठवलात, 'सभागृहाने आधी शिंकून घ्यावं' म्हणताना.

तिच्या शाळेत यंदा भाषणं होती. आपल्या घरातल्या अशा माणसाबद्दल बोलायचं, जो सगळ्यांच्या विरुद्ध जाऊन ठाम राहिला. तिने अर्थातच मला निवडलं. म्हणून ती मला घेऊन डब्लिनला आली होती, सिस्टर. तिला खरा राजदंड बघायचा होता. तो तिथेच आहे, त्या लॉर्डांच्या खोलीत, काचेमागे, चांदीचा, भिंतींवर लोकरीत विणलेल्या लढाया आणि वर बिलोरी झुंबर. आपल्या मुसळापेक्षा बराच नाजूक. नात त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली आणि मग माझा हात ओढून म्हणाली, "आजी, शो मी. तू कशी बसली होतीस, एग्झॅक्टली? मी स्टेजवर तसंच करणार आहे." भिंतीशी खुर्ची होती. मागोमाग आलेला दरवान म्हणाला, "गो ऑन, लव्ह, बसा, यू आर ग्रँड." इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. मी बसायला वाकले आणि मला बसता येईना. गुडघे दुखतात म्हणून नाही. मी तशीच उभी राहिले आणि म्हणाले, बाळा, मी बसले नव्हते. मी उठून गेले होते.

तिला आधी वाटलं मी थट्टा करते आहे. "स्टॉप! यू नेव्हर!" मग माझा चेहरा पाहिला. मी सगळं सांगितलं, मदर, पेपरवेट, बिल्ला. ती म्हणाली, "पण बाबाला पण तू तेच सांगितलंस. आजोबांना पण." हो म्हटलं. "सो तू बाबाच्या आख्ख्या लाइफभर लाय केलंस?" दरवान जरा लांब जाऊन झुंबराकडे पाहायला लागला. परतीच्या ट्रेनमध्ये ती माझ्यासमोर बसली, शेजारी नाही, आणि खिडकीबाहेरच्या कालव्याकडे पाहत राहिली. स्टेशनवरून घरी चालताना रस्ता ओलांडायला मात्र तिने माझा हात धरला, सवयीने, आणि पलीकडे गेल्यावर सोडला.

तिसऱ्या दिवशी मी पोळ्या करत होते. ती आली, ओट्यावर चढून बसली आणि म्हणाली की भाषण गुरुवारवर आलं आहे आणि तिने दोन लिहून ठेवली आहेत. एक जुनं आणि एक खरं. कुठलं करू? मी तिला विचारलं, तुला कुठलं करायचंय? ती म्हणाली, "नो, आजी. व्होट तुझं आहे. आणि हात वर करायचा नाही. खरं करायचं असेल तर वॉक आउट कर, जुनं करायचं असेल तर इथेच थांब." तुमच्या पद्धतीचं तिला मीच सांगितलेलं होतं. गुरुवारी त्या हॉलमध्ये माझा मुलगा बसणार होता, सून बसणार होती, तिच्या मैत्रिणींच्या आया. तव्यावर पोळी होती. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि मागच्या दाराने बागेत गेले. गार वारा होता. ती आतून ओरडली, "आजी! युअर कोट!"

मी तिथे उभी राहून रडले, सिस्टर. अंगात नुसतं स्वेटर होतं.

गुरुवारी तिने खुर्ची मागितली नाही. उभी राहून बोलली. माझ्या आजीच्या शाळेत एक संसद होती, राजदंडाला मिरचीचा वास यायचा, लोक हसले. माझी आजी चौदा वर्षांची होती आणि ती उठून बाहेर गेली, कारण तिला एक बिल्ला हवा होता. कोणी हसलं नाही. मग ती बसून राहिलेल्या मैत्रिणीबद्दल बोलली, मुसळाबद्दल बोलली, आणि म्हणाली की मी आज जिच्याबद्दल बोलते आहे ती आमच्या घरातली नाही, पण तिचं नाव आमच्या घरात कोणी विचारलंच नाही. माझ्या शेजारी मुलगा बसला होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, पाचवीत मी सगळ्यांबरोबर त्या तोतऱ्या मुलाला चिडवलं होतं, तेव्हा तू मला कान धरून ही गोष्ट ऐकवली होतीस. रात्री जेवलो नव्हतो मी." मी म्हटलं, आठवतं. त्याने सीटचा पट्टा लावला. मग गाडी सुरू करत म्हणाला, "कान तरी अर्धाच धरायचास." नात मागच्या सीटवरून हसली. तेवढ्यावर भागलं असं मी म्हणणार नाही. तो दोन-तीन दिवस माझ्याशी जरा जपून बोलत होता, पाहुण्याशी बोलावं तसं.

काल रविवारी तोच म्हणाला, चल, तुझ्या सिस्टरना भेटून येऊ. तुम्ही शेवटी तुमच्या गावाकडे परतलात आणि गॉलवे शहराच्या अलीकडच्या कॉन्व्हेंटमध्ये वारलात, हे मला केव्हाच कळलं होतं. पाच वर्षं मी इथे येते-जाते आहे, दोन तासांचा रस्ता, आणि मी कधी गेले नाही. तिथे भिंतीच्या आत हिरवळीवर सगळ्यांचे सारख्या उंचीचे छोटे क्रूस आहेत, शाळेच्या रांगेसारखे. तुमचा सापडायला वेळ लागला, कारण तुमचं घरचं नाव मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या एका वृद्ध सिस्टरनी काठीने दाखवलं. ऊन नव्हतंच. नात म्हणाली, "से समथिंग, आजी. इन मराठी. त्यांना येतं ना?" मी तोंड उघडलं. इतकी चांगली बोलणारी मी. काही आलं नाही. शेवटी मी पर्समधला रुमाल काढून डोक्यावर घेतला आणि तशीच उभी राहिले.

हे पत्र म्हणजे तिथे जे बोलायचं होतं ते. कोपऱ्यावर हिरवी टपालपेटी आहे, पण तुमच्या पत्त्यावर आता टपाल जात नाही, तेव्हा हे स्वयंपाकघरात राहील, मसाल्याच्या डब्यामागे, प्रेसमध्ये. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, हे तुम्हाला मी काय सांगावं.

एक राहिलं. मी बिल्ला बरोबर नेला होता. तो तुमच्या क्रूसाशी ठेवून यायचा असं ठरवून नेला होता, मुलाला आणि नातीला तसं सांगितलंही होतं. रुमालाखाली तो हातात धरून ठेवला. माझी आई दर रविवारी तो चिंचेने घासायची आणि पदराने पुसून माझ्या हातात द्यायची. तिला त्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती. मी तो ठेवला नाही. नातीला सांगितलं की ठेवला, गवतात खोल. सिस्टर, तो माझ्याजवळ आहे. आज सकाळी आमटीसाठी चिंच भिजवली, त्यातली थोडी बाजूला काढली आणि तो घासला. छान निघाला आहे.